दुसरी खिडकी : जुन्या गोव्यातल्या एका बंद पडलेल्या इगर्जीचा अभ्यास

पणजीच्या पायऱ्यांच्या इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, मोठी घंटा मुळात पणजीची नाही. ती जुन्या गोव्यातल्या मोन्ते सांतो, म्हणजे पवित्र टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली. वजन सुमारे २२५० किलो. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, से कॅथेड्रलची ‘सोन्याची घंटा’. टेकडी ओस पडल्यावर ही घंटा काही वर्षे आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये ती पणजीला आली आणि तिच्यासाठी इगर्जीच्या माथ्यावर मधोमध घंटाघर उभे राहिले. ती आजही वाजते. ज्या इमारतीतून ती आली, तिचे छत मात्र १८४२ मध्येच खाली आले होते.

त्याच टेकडीवर आणखी एक गोष्ट मागे राहिली होती. घंटेच्या मानाने ती अगदीच लहान होती : हाताच्या हाडाचा एक तुकडा. तो १६२ वर्षे दगडमातीखाली पडून होता. तरीही २००४ मध्ये तो सापडला, त्याची ओळख पटली आणि २०२१ मध्ये त्याचा एक भाग मायदेशी गेला. एवढा मोठा मठ राहिला नाही आणि एक हाड राहिले, हे कसे घडले याचा हा अभ्यास आहे.

हा विषय आज घ्यावासा वाटतो, कारण चर्च बंद होण्याचे प्रमाण जगाच्या एका मोठ्या भागात वाढले आहे. नेदरलँड्स, इंग्लंड, कॅनडातले क्युबेक इथे उपासकांची संख्या घटली, छपराच्या दुरुस्तीचा खर्च परवडेना, आणि इमारती विकल्या जाऊ लागल्या. कुठे पुस्तकांचे दुकान झाले, कुठे राहती घरे. चर्चा बहुतेक वेळा इमारतीभोवती फिरते. आतल्या वस्तू, त्यांच्या जागा, त्यांची नावे आणि त्यांच्याभोवतीच्या रीती यांचा विचार फार उशिरा होतो. गोव्यात हा प्रसंग १८३५ मध्येच येऊन गेला, तोही एका फटक्यात. पुढे काय झाले हे पाहायला आपल्यासमोर जवळजवळ १९० वर्षांचा काळ आहे. असा लांबवरचा हिशेब युरोपातल्या आजच्या एकाही बंद चर्चचा मांडता येणार नाही.

हुकूम

ऑगस्टीनियन पाद्र्यांनी ही इगर्जी १५९७ ते १६०२ या काळात बांधली. तिचे पूर्ण नाव नोस्सा सेन्योरा द ग्रासा, कृपेची माता. तिला लागून मठ, नवशिक्यांचे निवास, पाठशाळा आणि ग्रंथालय होते. इगर्जीत आठ बाजूची चॅपेल होती, जमिनीत कोरीव थडगी होती, भिंतींवर रंगीत फरशा होत्या. मनोरा मुळात ४६ मीटर उंच होता. मांडवी नदीतून वर येणाऱ्या गलबतांना शहराची ओळख पटायची ती टेकडीवरच्या या मनोऱ्यांवरून.

शहर त्याआधीच खचत चालले होते. रोगराईला कंटाळून व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपले बस्तान पणजीला हलवले होते. श्रीमंत घरे निघून गेली होती. तरीही मठ चालू होते आणि मठ चालू होते म्हणून गळके छप्पर दुरुस्त करणारे हात तिथे होते.

मग ३० मे १८३४ रोजी लिस्बनमध्ये पुरुषांचे सर्व धार्मिक संघ बरखास्त करण्याचा हुकूम निघाला. यादवी युद्ध जिंकलेल्या उदारमतवादी सरकारला मठांची मालमत्ता हवी होती आणि मठांचा राजकीय दबदबा नको होता. हुकूम काढणारे मंत्री जुआकिम आंतोनियु द आगियार यांना लोकांनी ‘माता-फ्रादिश’, म्हणजे पाद्र्यांचा कर्दनकाळ, असे नावच ठेवले. हुकूम समुद्र ओलांडून आला आणि १८३५ मध्ये गोव्यात अमलात आला. पुरुषांचे सगळे मठ रिकामे झाले, मालमत्ता सरकारजमा झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ही इगर्जी भाविक आटल्यामुळे बंद पडली नाही. ती सरकारी कागदाने बंद झाली, आणि त्या कागदात पाद्र्यांनी कधी जायचे हे लिहिले होते. छत कोण सांभाळणार हे लिहिले नव्हते.

जांभा, चुना आणि पाऊस

कोकणात ज्याचे जांभ्याचे घर आहे त्याला पुढचा भाग समजावून सांगावा लागणार नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर कडक होतो, पण त्याच्या अंगभर छिद्रे असतात. चुन्याचा गिलावा हे त्याचे कातडे. दरवर्षी पावसाआधी डागडुजी आणि पावसानंतर चुन्याचा हात हा गोव्यातल्या इगर्ज्यांचा नेम होता. दुरून त्या पांढऱ्याशुभ्र दिसत, ते शोभेसाठी होतेच, पण त्याहून जास्त त्या भिंतींच्या जिवासाठी होते.

मठ रिकामा झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात काय झाले असेल याची कल्पना करता येते. एखादे कौल सरकले, एखाद्या पन्हाळीत पाने साचली. दुसऱ्या वर्षी गिलाव्याला तडा गेला आणि त्यात पिंपळाचे बी पडले. पिंपळाला दगडाची फट मिळाली की त्याला दुसरे काही लागत नाही. भल्यामोठ्या दालनावरचे कमानदार छत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सतत बाहेरच्या दिशेने रेटा देत असते. भिंत पाणी पिऊन ढिली झाली की तो रेटा झेलायला कोणी उरत नाही. १८४२ मध्ये छत कोसळले आणि कृपामातेची भव्य मूर्ती त्याच्याखाली गाडली गेली. पाद्री निघून जाऊन जेमतेम सात पावसाळे झाले होते.

सात हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा तपासून पाहिला. सव्वादोनशे वर्षे उभी राहिलेली वास्तू, आणि देखभाल थांबल्यावर सात वर्षे. त्यानंतरचा ऱ्हास सावकाश झाला : १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, १९३८ च्या सुमारास आणखी काही. आज टेकडीवर जो एकुलता उंच सुळका दिसतो, तो त्या मनोऱ्याचा उरलेला भाग आहे.

जांभ्याची हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही दिसते. टेकडीच्या पायथ्याशी थोड्या अंतरावर बॉम जेझूचे बासिलिका आहे, सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष असलेले. ते कधीच बंद पडले नाही. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार काश्त्रु यांनी त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला. उघडा तांबूस दगड अधिक प्राचीन, अधिक भारदस्त दिसावा हा हेतू. पर्यटकांच्या मनात आता तोच लाल चेहरा बसला आहे, आणि जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. गिलावा परत चढवावा की नाही यावर गोव्यात बरीच वर्षे वाद चालू आहे. मी गिलाव्याच्या बाजूचा आहे. छायाचित्रातली ओळख बदलेल हे मान्य. पण दगडच राहिला नाही तर छायाचित्र कशाचे काढायचे?

त्याच टेकडीवरचे दुसरे घर

ऑगस्टीनच्या अवशेषांमध्ये उभे राहिले की रस्त्यापलीकडे एक तीन मजली अवजड इमारत दिसते. सांता मोनिका, जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा, मठ. तोही ऑगस्टीनियन पंथाचाच. गोव्याचे आर्चबिशप फ्राय आलेशु द मेनेझिस, जे स्वतः ऑगस्टीनियन होते, त्यांच्या पुढाकाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो उभा राहिला. टेकडी तीच, जांभा तोच, पाऊसही तोच. ही इमारत मात्र आज धडधाकट आहे.

फरक मठ कसे बंद केले यात आहे. पुरुषांना ताबडतोब बाहेर काढले. जोगिणींना हयात असेपर्यंत राहू दिले, फक्त नव्या मुलींना दीक्षा द्यायला बंदी केली. म्हणजे हे घरही बंदच केले होते, पण ते हळूहळू बंद झाले. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षे एकेक खोली रिकामी होत गेली, तरी कोणी ना कोणी तिथे दिवा लावत होते, गळती सांगत होते, खिडकी मिटत होते. पुढे इमारतीत सैनिक राहिले. त्यांनी तिची बूज राखली असेल असे नाही, पण छप्पर ठेवावेच लागले. १९६४ पासून तिथे जोगिणींसाठी माटेर देई ही धर्मशिक्षणाची संस्था चालते, आणि मठाच्या वास्तूतच ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

शहरातल्या इतर मठांचे नशीब या दोन टोकांच्या मधले. डॉमिनिकनांचा मठ पाडला गेला. सेंट पॉल कॉलेजची एक कमान उरली. फ्रान्सिस्कनांची इगर्जी टिकली आणि तिच्या मठात १९६४ मध्ये पुरातत्त्व संग्रहालय आले. ओस पडलेल्या शहराचा दगड आणि लाकूड पणजीच्या बांधकामांना गेले. राजधानीच हलल्यावर जुन्या राजधानीची खाण होते, हे हंपीपासून सगळीकडे पाहायला मिळते.

या तुलनेतून मला जे दिसते ते असे. इमारत वाचवायला फार भक्ती किंवा फार पैसा आधी लागत नाही. आधी लागतो वापर, कसलाही. शिपाई चालतील, शाळा चालेल, गोदामसुद्धा चालेल. ज्या घरात माणूस झोपतो त्या घराचे गळके कौल त्याच रात्री कळते.

जे हलवता आले

बंद इगर्जीतल्या वस्तूंना पाय फुटतात. सोन्याचांदीची भांडी सरकारजमा होतात किंवा लिलावात जातात. वेद्यांमागच्या कोरीव सोनेरी लाकडी चौकटी गावोगावच्या इगर्ज्यांमध्ये जातात. मूर्ती कोणाच्या तरी देवघरात पोचतात. घंटा सर्वात नशीबवान. धातू महाग, आवाज उपयोगाचा, आणि घंटेला कोणी जात विचारत नाही.

हे महाराष्ट्राला नवे नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या इगर्ज्यांच्या घंटा मराठी सरदारांनी हत्तीवरून, बैलगाड्यांवरून देशावर नेल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला आपण ज्या नारोशंकराच्या घंटेची उपमा देतो, ती घंटा एका चर्चची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर लहानशा घुमटीत टांगलेल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. भीमाशंकरला शनिमंदिरासमोर आणखी एक. अडीचशेहून अधिक वर्षे या घंटा भाविकांच्या हाताने वाजत आहेत, त्यांना शेंदूर लागला आहे, फुले वाहिली गेली आहेत. मला हे दृश्य फार आवडते. वारसा जपण्याचा एवढा सहज प्रकार दुसरा नसेल.

पण याच घंटा एक उणीवही दाखवतात. घंटेवर साल असते, चिन्ह असते, कधी लॅटिन ओळ असते. ती कोणत्या इगर्जीच्या कोणत्या मनोऱ्यात होती, पहाटेची होती की मयताची, हे कागदावर राहिले नाही तर ते घंटेच्या अंगावर वाचता येत नाही. वस्तू वाचते आणि तिची हकीकत गळून पडते.

हकीकतीसकट वाचलेली एक गोष्ट गोव्यातच आहे. पिलारच्या टेकडीवरचा फ्रान्सिस्कनांचा मठ याच हुकमाने रिकामा झाला. त्यांच्या तृतीय संघाची, म्हणजे गृहस्थ अनुयायांच्या संघाची, संतांच्या मूर्तींची मिरवणूक ईस्टरआधीच्या उपवासकाळात निघत असे. मूर्ती पायथ्याच्या गोवा वेल्ह्याच्या सेंट अँड्र्यू इगर्जीत आल्या आणि मिरवणूकही खाली आली. मध्ये खंड पडला, पुन्हा सुरू झाली. आजही उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी संत खांद्यावरून गावात फिरतात आणि शेजारपाजारच्या गावांतून सर्व धर्मांचे लोक जमतात, फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते. कोणती मूर्ती कोणाच्या खांद्यावर, कोणत्या क्रमाने, हे ठाऊक असलेली माणसे मूर्तींसोबतच राहिली म्हणून हे टिकले. ऑगस्टीनच्या टेकडीला असे गाव उरले नव्हते.

पुस्तकांबद्दल एक वाक्य तरी लिहिलेच पाहिजे. मराठीचा अभिमान सांगणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले, सतराव्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, आणि त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ राहिला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे.

राणी केतेवान

आता त्या हाडाकडे.

जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बास पहिल्याच्या कैदेत होती. धर्म बदलायला तिने नकार दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये शिराझ इथे तापवलेल्या सांडशांनी हालहाल करून तिला मारण्यात आले. शिराझमध्ये ऑगस्टीनियन पाद्र्यांनी जेमतेम वर्षभरापूर्वी आपले ठाणे उघडले होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले. काही भाग पुढे तिच्या मुलाकडे, राजा तेइमुराझकडे पोचला. काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आला आणि मोन्ते सांतोवरच्या मठात ठेवला गेला. लिस्बनच्या ग्रासा मठात निळ्या-पांढऱ्या फरशांवर तिच्या वधाचे चित्र आहे. आपल्या पंथाने हे अवशेष सांभाळले याचा ऑगस्टीनियनांना अभिमान होता, आणि अभिमानामुळेच त्यांनी ते नीट लिहून ठेवले.

लिहिले काय होते? मठसभेच्या चॅपेलमध्ये, म्हणजे मठातल्या पाद्र्यांची सभा भरे तिथल्या प्रार्थनागृहात, पत्रवाचनाच्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. बस, एवढेच. वेदीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात ती पत्रवाचनाची बाजू, डावा हात शुभवर्तमानाची. कोणत्याही कॅथलिक पाद्र्याला हे सांगावे लागत नाही. एका पंथाच्या रोजच्या बोलीतला पत्ता होता तो, टपालाच्या पत्त्याइतका नेमका.

जॉर्जियात केतेवान संत मानली जाते. तिथल्या लोकांना गोव्यातल्या अवशेषांची माहिती होती आणि १९८९ पासून जॉर्जियन शिष्टमंडळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर शोध घेऊ लागली. सुरुवातीला हाती काही लागले नाही. पत्ता होता, पण घरच राहिले नव्हते. ढिगाऱ्यात मठसभेचे चॅपेल कोणते हेच ठरत नव्हते, मग त्याची दुसरी खिडकी कुठून ठरणार. पोर्तुगीज कागदपत्रे, जुने वर्णन आणि ऑगस्टीनियन मठांची ठरलेली रचना पुन्हा पुन्हा ताडून पाहावी लागली. पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा थराथराने उपसत नेला. यात कोणाला चमत्कार दिसत असेल तर दिसो. मला त्यात उन्हात वाकून काढलेली वर्षे दिसतात.

२००४ मध्ये त्या चॅपेलच्या भागात हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. जवळपास आणखी दोन अवशेष मिळाले. इथे खरी अडचण उभी राहिली, कारण त्याच चॅपेलमध्ये इतर धर्मपुरुषांच्या अस्थीही ठेवल्या असल्याची नोंद होती. तीन हाडे, आणि त्यांतले राणीचे कोणते?

हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत कुमारस्वामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवशेषांचा डीएनए काढला. गोव्याच्या दमट उष्म्यात पावणेचारशे वर्षे राहिलेल्या हाडातून डीएनए मिळणे सोपे नाही. आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्यांनी पाहिला. हाताचे हाड बाईचे निघाले, आणि त्याचा वंशगट निघाला यू-१-बी. भारतीय उपखंडातल्या २२,००० हून अधिक लोकांच्या नमुन्यांत हा गट एकदाही नव्हता. जॉर्जियातल्या ३० नमुन्यांपैकी दोघांत तो मिळाला. उरलेली दोन हाडे पुरुषांची होती आणि त्यांचा वंश दक्षिण आशियाकडे बोट दाखवत होता. हे निष्कर्ष डिसेंबर २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

केवळ डीएनएने ‘ही केतेवान’ असे सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. डीएनएने सांगितले की ही बाई बहुधा भारतीय नव्हे आणि जॉर्जियन असू शकते. कागदाने सांगितले की या खिडकीत जॉर्जियाची राणी आहे. दोन्ही जुळले तेव्हा ओळख पटली. पुरुषांच्या मठातल्या सभागृहात कॉकेशसच्या वंशाच्या दुसऱ्या एखाद्या बाईचे हाड असण्याचे कारणच काय? पण हा प्रश्नही त्या एका ओळीमुळेच विचारता येतो. ती ओळ नसती तर ते हाड संग्रहालयाच्या कोठारात क्रमांक लावलेल्या पिशवीत राहिले असते.

२०१७ मध्ये अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला गेले आणि वर्षभराने परत आले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतला एक भाग त्बिलिसीत जॉर्जियाच्या सरकारला आणि जनतेला कायमचा भेट दिला. वारशाची वस्तू देशाबाहेर द्यावी का, असा प्रश्न त्या वेळी काहींनी विचारला. मला ते देणे योग्य वाटते. गोव्यात तिच्यापुढे मेणबत्ती लावणारे कोणी नव्हते. तिथे लोक तिला संत मानतात. शिवाय ऑगस्टीनियनांनी ती इथे आणली होती ती सांभाळण्यासाठी, ठेवून घेण्यासाठी नव्हे.

आता टेकडीवर

जुन्या गोव्यातल्या इगर्ज्या आणि मठ १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सर्वेक्षणाने ऑगस्टीनचा मठ पुन्हा बांधायचा प्रयत्न केला नाही. ढिगारा उपसून भिंतींचे पाय मोकळे केले, जमिनीतली थडगी स्वच्छ केली, फरशांचे तुकडे जागच्या जागी बसवले. हा निर्णय शहाणपणाचा होता. पुन्हा बांधलेली इगर्जी आजच्या माणसाच्या कल्पनेची झाली असती. आता निदान जे आहे ते खरे आहे. थडग्यांवर घराण्यांची चिन्हे, कवट्या, आडवी हाडे आणि पोर्तुगीज अक्षरे पायाखाली वाचता येतात.

शेजारच्या सांता मोनिकातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय म्हणजे याच प्रश्नाला गोव्याने दिलेले दुसरे उत्तर. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले, इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था आणि पोर्तुगालच्या कालूस्त गुलबेंकियन फाउंडेशनच्या मदतीने. २००२ मध्ये ते सांता मोनिकात आले आणि मोठ्या नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडले. हस्तिदंती येशू, चांदीचे पेलिकन पक्ष्याच्या रूपातले प्रसादपात्र, सोनेरी वेल चढवलेल्या मूर्ती. हिंदू कारागिरांच्या हातचे कोरीवकाम त्यांत स्पष्ट ओळखू येते; मेरीच्या वस्त्राच्या चुण्या पाहताना आपल्याकडच्या देवळांतली लाकडी कलाकुसर आठवते. या वस्तू गावोगावच्या इगर्ज्यांच्या कपाटांत होत्या आणि जुन्या वस्तूंच्या दलालांची नजर त्यांच्यावर होती. संग्रहालयात आणल्याने सगळा धोका टळतो असेही नाही. २०१२ मध्ये इथे चोरी झाली आणि पहाऱ्यावरच्या माणसाचा जीव गेला. वस्तूंच्या यादीत त्याची नोंद नसते, म्हणून ही गोष्ट इथे सांगितली.

बाहेरच्या जगाने यातले काही शिकून घेतलेले दिसते, गोव्यावरून नसेल, आपापल्या पडझडीवरून असेल. इंग्लंडमध्ये उपासना थांबलेल्या पण मोलाच्या चर्चसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र निधी उभारला गेला. आज तीच संस्था चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या नावाने ३५० हून अधिक चर्च सांभाळते. तिथे प्रार्थनेचा हक्क शिल्लक ठेवून दारे लोकांसाठी उघडी असतात. क्युबेकने २००३ मध्ये आपल्या उपासनास्थळांची नोंद करायला घेतली आणि २,७५१ ठिकाणांची माहिती एकत्र केली. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या काथारायनेकॉन्व्हेंट संग्रहालयाने चर्चमधल्या हलवता येण्याजोग्या वस्तूंसाठी कार्यपद्धती तयार केली. दार बंद होण्याआधी यादी, मग प्रत्येक वस्तूचे मोल, मग तिला दुसऱ्या चर्चमध्ये घर शोधणे, ते नाही मिळाले तर संग्रहालय. यादीत प्रत्येक वस्तू कुठे उभी होती आणि तिचा उपयोग काय होता, याला मी सर्वात वरचे स्थान देईन. कोणत्या सणाला बाहेर काढत, कोण पुसत असे, तिच्यापुढे काय म्हणत, हे त्या यादीत यायला हवे, आणि ते सांगणारी म्हातारी माणसे हयात असतानाच यायला हवे. फोटो आणि मोजमाप नंतरही घेता येते.

मी शेवटचा टेकडीवर गेलो तो पावसाळा सरता सरता. उघड्या भिंतींच्या माथ्यावर गवत हातभर वाढले होते आणि दोन कामगार शिडी लावून ते मुळासकट उपटत होते. एक वर, एक खाली टोपली घेऊन. वरच्याला विचारले, किती दिवसांचे काम? तो म्हणाला, “हे सोंपना मरे. ह्या तोंकाक पावता म्हणसर त्या तोंकाक परत आयिल्लें आसता.” म्हणजे, हे संपतच नाही; या टोकाला पोचेपर्यंत त्या टोकाला परत उगवलेले असते. मठसभेच्या चॅपेलची खिडकी शोधायला मला थोडा वेळ लागला. वेदी नाही, त्यामुळे तिच्याकडे तोंड कुठे करायचे हे आधी ठरवावे लागते. मग उजवा हात, आणि मग मोजायचे.